कुडाची आणि मधाची कारवी

सह्याद्रीच्या ज्या उतारांवर नांगर धरता येत नाही आणि म्हणून जमाबंदीच्या कागदांना ज्यांचे फारसे अप्रूप नव्हते, त्याच उतारांवर आपोआप माजणाऱ्या कारवीने कोकण-मावळातल्या रयतेला पिढ्यान्‌पिढ्या घराच्या भिंती पुरविल्या. बोटाएवढ्या जाडीचे, सरळ वाढलेले तिचे सोट पाने झाडून शेजारी शेजारी उभे करावयाचे, आडव्या कांबींना आवळून बांधावयाचे आणि दोन्ही अंगांनी शेणामातीने लिंपावयाचे, की कूड सिद्ध होई. लिंपण झडले की सोटांमधल्या फटींतून सकाळचे कवडसे चुलीपर्यंत पोहोचत.

1832 साली नीस फॉन एसेनबेक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला ‘स्ट्रोबिलँथिस कॅलोसा’ असे शास्त्रीय नाव दिले. पुढे 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलांतील जुन्या वहिवाटींवर सरकारी निर्बंध आले, आणि जो लाकूडफाटा रयत हक्काने आणी त्यासाठी परवानगीची वाट पाहणे तिच्या नशिबी आले.

कारवीचे खरे ऐश्वर्य मात्र फुलात आहे. सहा-सात वर्षे केवळ खरखरीत पाने मिरविणारी ही वनस्पती एखाद्या श्रावण-भाद्रपदात डोंगरच्या डोंगर जांभळ्या-निळ्या फुलांनी भरून टाकते, आणि त्या चिकट कणसांतल्या कर्ण्यासारख्या फुलांत मधमाश्या तळापर्यंत शिरून पाठीवर पराग घेऊन बाहेर पडतात. कड्यांना लोंबणारी आग्या माशीची पोळी असोत वा लाकडी पेट्यांत पाळलेल्या सातेरी, त्या वर्षी दोघींनाही सुगीच असते. महाबळेश्वरच्या परिसरात मधमाशीपालनाने जे मूळ धरले, 1962 मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था उभी राहिली आणि 2022 मध्ये मांघर हे ‘मधाचे गाव’ ठरले, त्या साऱ्यामागे सह्याद्रीच्या रानफुलांचेच ऋण आहे, आणि त्यांत कारवीचा वाटा मला फार मोठा वाटतो.

फुलोरा सरला की झाड मरते. वाळलेली बोंडे मात्र उन्हाळाभर काटक्यांवर तशीच राहतात, आणि पुढल्या मृगाच्या सरी अंगावर येताच तडतड फुटून बी त्याच ओल्या उतारावर उधळतात.