नकाशाचं हस्तांतर: जोधपूरहून दिल्लीला गेलेला पाण्याचा नकाशा

आपल्या मंडळात दप्तरांविषयी पुष्कळ बोललं जातं. कोणत्या तालुक्याचे कागद कोणत्या अभिलेखागारात गेले, कोणते वाटेतच हरवले, कोणते चुकीच्या रुमालात बांधले गेले. या टिपणात एका संगणकावरच्या दप्तराची हकीगत मांडतो. इंडिया-डब्ल्यूआरआयएस, म्हणजे देशाच्या जलसंपत्तीची माहिती देणारी नकाशा-प्रणाली, ज्यांनी बांधली त्यांच्याकडून ज्यांनी चालवायची त्यांच्याकडे गेली. गोदावरी-मुसीच्या इतिहासावर काम करणाऱ्यांना याची दखल घ्यावीच लागेल.

मुसीचा धडा

पाण्याची माहिती एका जागी असणं का महत्त्वाचं, हे हैदराबादकरांना वेगळं सांगायला नको. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीच्या पुरात हजारो माणसं गेली. पुढच्या वर्षी निजाम सरकारनं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुण्यात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात उमेद घालवलेले हे इंजिनियर. त्यांच्या नोंदीत मुसीच्या ८६० चौरस मैलांच्या पाणलोटात ७८८ तलाव येतात. वरचा तलाव फुटला की त्याचं पाणी खालच्यावर येतं, आणि तोही जातो. ही साखळी एकेका गावच्या नोंदीत दिसत नाही, सगळं खोरं एकत्र मांडलं तरच दिसते. त्यांच्या योजनेतूनच पुढे १९२० मध्ये उस्मानसागर, म्हणजे आपलं गंडिपेट, आणि १९२७ मध्ये हिमायतसागर झाले.

नदी एक, दप्तरं अनेक

हैदराबाद संस्थानात पैठण, नांदेड, बासर, मंचिर्याल ही गोदाकाठची गावं एकाच राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, तेलंगण आंध्रात. नदी तीच राहिली, पण तिच्या नोंदी ठेवणारी खाती वेगळी झाली. मोजमापाची भाषासुद्धा वेगळी पडली: मराठवाड्यात धरणाचं पाणी दलघमीत सांगतात, इकडे तेलंगणात टीएमसीत. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी.

याची किंमत बाभळीला कळली. नांदेड जिल्ह्यातल्या या बंधाऱ्याची साठवण जेमतेम २.७४ टीएमसी, पण वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे आणि दरवर्षी १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. देखरेखीला तीन सदस्यांची समिती आली, आणि तिच्यात केंद्रीय जल आयोगाचा प्रतिनिधी. भांडण दोन राज्यांचं असलं की आकडा तिसऱ्यानं सांगावा लागतो, आणि तो दोन्ही काठांवरच्या साध्या माणसालाही बघता यावा लागतो.

नकाशा कसा झाला

हे काम करू शकेल असा सार्वजनिक नकाशा २०१० च्या डिसेंबरमध्ये लोकांसमोर आला. त्याआधी २००८ मध्ये केंद्रीय जल आयोग आणि इस्रो यांच्यात करार झाला होता. इस्रोच्या बाजूनं काम होतं आपल्या बालानगरच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचं, आणि प्रत्यक्ष बांधणी झाली त्याच्या जोधपूरच्या प्रादेशिक केंद्रात. देशाच्या पाण्याचा नकाशा वाळवंटातल्या शहरात तयार झाला!

खोरी, उपखोरी, पाणलोट, धरणं, कालवे, मोजणी केंद्रं, भूजल असे थर एकावर एक चढवून बघता येत होते. सोबत धरणागणिक पानं असलेला एक विकी होता. २०१४ मध्ये खोऱ्यांचे अहवालही निघाले. गोदावरीची लांबी १,४६५ किलोमीटर, खोरं ३,१२,८१२ चौरस किलोमीटर, त्यातलं जवळजवळ निम्मं महाराष्ट्रात, हे सगळं नकाशांसह एका जागी आलं.

हस्तांतर का करावं लागलं

संशोधन संस्थेचा प्रकल्प मुदतीचा असतो, नदीची पातळी मात्र रोज बदलते. ढालेगाव, येळी, मंचिर्याल इथल्या केंद्रांवर पातळी मोजणारी माणसं जल आयोगाची. नकाशा जोधपूरलाच राहिला असता तर हळूहळू शिळा झाला असता. शिवाय राज्यांकडून आकडे मागायचे तर मागणाऱ्याच्या हाती तसा अधिकार हवा. उपग्रहाचं चित्र शास्त्रज्ञ मिळवू शकतो, पण धरणाची रोजची पातळी राज्याच्या खात्यानंच कळवावी लागते.

केंद्र सरकारनं एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पाला मंजुरी दिली. खर्च सुमारे ३,६८० कोटी, त्यातला निम्मा जागतिक बँकेचं कर्ज. याच प्रकल्पातून २८ मार्च २०१८ ला राष्ट्रीय जल माहिती केंद्र स्थापन झालं, आणि प्रणाली त्याच्याकडे आली. २०१९ मध्ये नवी आवृत्ती नव्या पत्त्यावर सुरू झाली. जुन्या पत्त्यात आपल्या हैदराबादच्या केंद्राचं नाव होतं, नव्यात ते नाही.

माझ्या मते निर्णय योग्यच होता. गोदावरी, कृष्णा अशा खोऱ्यांचे आकडे त्यामुळे वाहते राहिले. सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रेच्या आकड्यांवर बंधनं आहेत, ती धोरणाची बाब आहे.

काय मागे राहिलं

प्रश्न वेगळाच आहे. इंजिनियर हस्तांतर म्हणतो तेव्हा त्याच्या यादीत प्रोग्राम, डेटा, सर्व्हर आणि चालवणाऱ्यांचं प्रशिक्षण असतं. इतिहासाच्या अभ्यासकाच्या यादीत आणखी दोन गोष्टी हव्यात: जुना पत्ता आणि जुनी आवृत्ती. जुन्या पत्त्यावरचे दुवे आता उघडत नाहीत. विकिपीडियावरच्या कितीतरी धरणांच्या लेखांत संदर्भ म्हणून तेच दुवे आहेत. विधान जागेवर आहे, त्याचा पुरावा मात्र हलला.

आपल्याला हे ओळखीचं वाटेल. संस्थानी कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्यामुळे जानेवारीनंतरच्या तारखांना ५९१ मिळवावे लागतात. ही किल्ली माहीत नसली तर मुसीचा पूर १९०७ साली जाऊन पडतो. कागद हाती आहे, पण तो वाचायची रीत सोबत आली नाही, अशी गत. संगणकावरच्या नकाशाची किल्ली म्हणजे तो थर कोणी, कोणत्या वर्षीच्या माहितीवरून केला ही नोंद. सरकारी खात्याला आजचा नकाशा हवा असतो, आणि ते बरोबरच आहे. पण २०१० मध्ये देशानं आपलं पाणी कसं मोजलं होतं, हा उद्याच्या इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्या वेळच्या नकाशातच मिळणार.

म्हणून मंडळातल्या सर्वांना विनंती. या किंवा अशा कुठल्याही सरकारी नकाशाचा आधार घेतलात तर नुसता दुवा देऊ नका. पाहिल्याची तारीख लिहा, थराचं नाव लिहा, एकक दलघमी की टीएमसी ते लिहा. पानाची प्रत इंटरनेट अर्काइव्हवर ठेवा, अहवाल उतरवून घ्या. जुन्या खोरे-अहवालांच्या प्रती कोणाच्या संगणकावर पडून असतील तर त्या मंडळाच्या संग्रहात द्या. खात्यांनी दप्तर हलवलं की त्याची यादी कोणीतरी ठेवावी लागते, आणि हे काम आपण कागदांसाठी इतकी वर्षं करतच आलो आहोत.