‘शीर ताणली’ म्हणजे नेमकं काय? अय्यंगार गुरुजींच्या आयुष्यातून एक धडा

“डॉक्टर, एक्सरे तर नॉर्मल आहे. मग दीड महिना झाला तरी पाय का दुखतोय?”

घोटा मुरगळलेले पेशंट हा प्रश्न हमखास विचारतात. आपण म्हणतो ‘शीर ताणली’, पण ती शीर नसतेच. शिरेतून रक्त वाहतं. ताणलं जातं ते लिगामेंट किंवा टेंडन. हाडाला हाड बांधून ठेवतं ते लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध. स्नायूला हाडाशी जोडतं ते टेंडन, म्हणजे कंडरा. एक्सरेत हाडं दिसतात, हे दोर दिसत नाहीत.

हे दोर ताण कसा सोसतात, हे समजून घ्यायला आपल्या पुण्यातलंच एक उदाहरण पाहू.

घाईचा ताण

योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १९१८ चा, कर्नाटकातल्या बेल्लूरचा. किशोरवयात ते म्हैसूरला टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे योग शिकत होते. एकदा गुरूंनी पाहुण्यांसमोर त्यांना हनुमानासन करायला सांगितलं. एक पाय पुढे, एक मागे, दोन्ही जमिनीला टेकलेले. सराव नव्हता, पण गुरूंचा शब्द मोडणं शक्य नव्हतं. आसन झालं, मात्र मांडीच्या मागचा स्नायू फाटला आणि त्याचा त्रास बराच काळ राहिला. ही आठवण त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे.

असं का झालं असेल? टेंडन आणि लिगामेंट कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचे बनलेले असतात. आरामात असताना हे धागे नागमोडी असतात. ओढ बसली की आधी ते सरळ होतात. लांबी साधारण ४ टक्के वाढेपर्यंत दोर सोडल्यावर पुन्हा मूळ जागी येतो. त्यापुढे बारीक धागे तुटू लागतात आणि ८ ते १० टक्क्यांच्या आसपास दोरच तुटतो. म्हणजे १० सेंटीमीटरच्या दोराला सुरक्षित मोकळीक आहे जेमतेम ४ मिलिमीटरची!

त्यात हिसका बसला तर दोर जास्त ताठर वागतो. शिवाय अचानक ताणलेला स्नायू बचावासाठी आपोआप आखडतो. एका बाजूने आपण ओढतो, दुसऱ्या बाजूने तो. मग कुठेतरी फाटतं.

सावकाशीचा ताण

१९३७ मध्ये अय्यंगार पुण्यात आले. त्यांना इथे आणण्यात डॉ. व्ही. बी. गोखले या सिव्हिल सर्जन राहिलेल्या डॉक्टरांचा पुढाकार होता. काही महिन्यांसाठी डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आलेला हा तरुण कायमचा पुणेकर झाला. पुढे त्यांनी विटा, दोर, पट्टे, खुर्च्या यांचा आधार घेऊन आसनं शिकवायला सुरुवात केली. आधारामुळे वजन तोललं जातं, स्नायू घाबरत नाही आणि आसनात जास्त वेळ थांबता येतं.

यामागे दोरांचा एक गुण आहे. हलका ताण काही काळ टिकवला तर ते हळूहळू सैल पडतात. नवी कोल्हापुरी चप्पल पायात घालून घालूनच मऊ होते, तसंच काहीसं. अर्थात लवचिकता वाढते त्यातला मोठा वाटा मेंदू आणि नसांचा असतो. ‘इथवर धोका नाही’ हे त्यांना पटावं लागतं, आणि तेही घाईने पटत नाही.

भरून येण्याचा काळ

१९७९ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, गुरुजींना काही महिन्यांच्या अंतराने दोन स्कूटर अपघात झाले. खांदे, पाठ, गुडघे दुखावले. वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या माणसाने पुन्हा सोप्या आसनांपासून सुरुवात केली. पूर्वीच्या सरावाजवळ पोचायला कित्येक वर्षं लागली. तरीही ऐंशीच्या पुढेही त्यांची आसनं सुरू होती. २०१४ मध्ये ९५ व्या वर्षी ते पुण्यातच गेले.

तुमच्या घोट्याला दीड महिना का पुरत नाही, हे आता लक्षात येईल. या दोरांना रक्तपुरवठा कमी असतो. पहिले काही दिवस सूज, मग काही आठवडे नवे धागे तयार होतात, पण अस्ताव्यस्त. त्यांना ओळीत बसायला महिने, कधी वर्षही लागतं. आणि ते ओळीत बसतात ते ताणाच्या दिशेने! मऊ ऊती मागणीनुसार घडतात, हे हेन्री डेव्हिस या अमेरिकन सर्जनने १८६७ मध्येच लिहून ठेवलं होतं. अजिबात हालचाल केली नाही तर काही आठवड्यांतच दोर कमकुवत होतात आणि ती ताकद परत यायला महिने जातात.

तुम्ही काय कराल?

- पहिले दोन-तीन दिवस आराम द्या, बर्फ कापडात गुंडाळून लावा. जोरात चोळू नका.
- नंतर दुखणं वाढणार नाही इतपत हालचाल रोज करा आणि हळूहळू वाढवा.
- चार पावलंही टाकता येत नसतील, ‘कट्’ असा आवाज आला असेल किंवा पाय बधिर झाला असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा.
- मधुमेह असेल किंवा स्टेरॉइड चालू असेल तर आवर्जून सांगा. अशा वेळी टेंडन लवकर दुखावतात.

दुखणं थांबलं म्हणजे दोर भरून आला असं नाही. पेशंट बरे वाटताच व्यायाम सोडतात आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. गुरुजींनी साठीत पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. आपल्याला तर घोट्याचे साधे व्यायाम काही महिने करायचे आहेत.