तार मळण्याची विद्या

अर्हू या दोन तारांच्या चिनी गजवाद्यावर डाव्या हाताच्या बोटाने जो स्वरकंप काढतात, त्याला चिनी भाषेत ‘रौश्येन’ म्हणतात. श्येन म्हणजे तार आणि रौ म्हणजे मळणे, चोळणे. चिनी स्वयंपाकघरात कणीक मळण्यासाठी जे क्रियापद वापरतात तेच हे. इटालियन ‘व्हिब्रातो’ हा शब्द कानाला काय ऐकू येते ते सांगतो. चिनी शब्द बोटाने काय करायचे ते सांगतो. शिकणाऱ्याच्या दृष्टीने दुसरा शब्द अधिक उपयोगाचा, आणि अधिक त्रासाचाही. कारण मळण्याचे प्रकार अनेक असतात, आणि कोणता प्रकार ‘खरा’ हे कोणी ठरवले, असा प्रश्न लगेच उभा राहतो.

या प्रश्नाचे तयार उत्तर असे, की अर्हूवरचा स्वरकंप ल्यू त्यानह्वा (१८९५–१९३२) यांनी व्हायोलिनवरून आणला. त्यापूर्वीचे वादन रांगडे होते, त्यांनी ते शास्त्रशुद्ध केले. आम्हीही बरीच वर्षे ही हकीकत याच रूपात मानत होतो. ती खोटी नाही, परंतु इतकी सुटसुटीत आहे की तिच्यात तीन-चार महत्त्वाच्या गोष्टी गडप होतात.

प्रथम वाद्याविषयी. अर्हूची पेटी लहान, बहुधा षट्कोनी, अजगराच्या कातड्याने मढवलेली. तिच्यातून एक उंच दांडा निघतो. गजाचे केस दोन तारांच्या मधून ओवलेले असतात, त्यामुळे गज वाद्यापासून सुटा करता येत नाही. मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक गोष्ट निराळीच आहे. व्हायोलिनला तारांखाली जी काळी पट्टी असते तशी पट्टी येथे नाही. तारा दांड्यापासून दूर, हवेत ताणलेल्या असतात आणि बोट तारेवर टेकते तेव्हा त्याच्याखाली केवळ पोकळी असते.

या पोकळीमुळे मळण्याच्या निरनिराळ्या वाटा निघतात. पहिली वाट लोळत्या कंपाची, ‘गुन-रौ’. हात कोपरापासून सैल हलतो आणि बोटाचे टोक तारेवर वरखाली लोळते. स्वर आपल्या जागेच्या दोन्ही बाजूंना किंचित झुलतो. दुसरी दाबाची, ‘या-रौ’. बोट जागचे हलत नाही, ते तारेला आत दाबते आणि सोडते. येथे स्वर फक्त चढतो, मूळ जागेच्या खाली कधी उतरत नाही. सतारीवर तार ओढून मींड घेताना स्वर पडद्याच्या वरच जातो, तसेच हे. व्हायोलिनवर हा प्रकार जवळजवळ अशक्यच, कारण बोट पट्टीवर टेकल्यावर आणखी दाबायला जागाच उरत नाही. तिसरी वाट सरकत्या कंपाची, ‘ह्वा-रौ’. त्यात बोट तारेवरून प्रत्यक्ष घसरत येजा करते आणि झोका बराच रुंद होतो. मुळीच न मळता स्वर सरळ उभा ठेवणे हेही शिक्षक आज एक स्वतंत्र तंत्र म्हणून शिकवतात. हे तंत्र सर्वात अवघड आहे, असे आमचे मत.

आता ल्यू त्यानह्वांकडे वळू. ते ज्यांगसू प्रांतातल्या ज्यांगयिन गावचे. कवी आणि भाषाशास्त्रज्ञ ल्यू बाननोंग हे त्यांचे थोरले बंधू. शाळेत असताना ते बँडमध्ये वाजवीत, पुढे शांघायमध्ये एका नाटकमंडळीच्या वाद्यवृंदात पाश्चात्त्य वाद्ये शिकले. १९१५ साली वडील वारले, नोकरी नव्हती, प्रकृती बिघडलेली. त्या दिवसांत त्यांनी अर्हू हाती घेतले. रस्त्यावरच्या भिकाऱ्याचे आणि तमासगिराचे वाद्य एका शिकल्यासवरल्या तरुणाने वाजवावे, हे त्या काळच्या भल्या घरांत लाजिरवाणेच मानले जाई. त्यांचे गुरू चौ शाओमेइ. सामान्य वादक हाताच्या एकाच ठाण्यावर समाधानी असताना हे तीन ठाण्यांवर हात फिरवीत, म्हणून त्यांची ख्याती होती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण ल्यूंच्या आधी सर्व काही गोठलेले होते या समजाला ती पहिला तडा देते.

१९२२ पासून ल्यू बीजिंगला शिकवू लागले आणि तेथे एका रशियन वादकाकडे व्हायोलिन रीतसर शिकले. १९२७ साली त्यांनी राष्ट्रीय संगीताच्या सुधारणेसाठी संस्था काढली. अर्हूसाठी दहा स्वतंत्र रचना आणि सत्तेचाळीस अभ्यासपाठ लिहिले. ठरीव ठाणी, गजाची शिस्त आणि लोळता स्वरकंप यांची क्रमवार मांडणी त्यांच्याकडून पुढच्या पिढ्यांना मिळाली. १९३२ च्या जूनमध्ये, बीजिंगच्या त्यानछ्याओ बाजारात तालवाद्यांचे लोकसंगीत टिपून घेत असता जडलेल्या लोहितज्वराने त्यांचा अंत झाला. वय अवघे सदतीस. पाश्चात्त्य विद्येचा पुरस्कर्ता म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते बाजारातल्या नगारे-झांजांची नोंद करता करता गेले. अनुकरणाचा आरोप करणाऱ्यांनी हा तपशील विसरू नये.

पण समजा, स्वरकंप व्हायोलिनवरून आला. तर कोणत्या व्हायोलिनवरून? आज आपण ऐकतो तो अखंड, प्रत्येक स्वराला चिकटलेला कंप युरोपातही जुना नाही. योझेफ योआखिम यांची १९०३ सालची ध्वनिमुद्रणे ऐकावीत. स्वर बहुतांशी सरळ आहेत, कंप दागिन्यासारखा क्वचित घातलेला. लिओपोल्ड आउअर यांनी १९२१ च्या आपल्या पुस्तकात सततच्या कंपाला दोष ठरवून त्यावर कडक शब्दांत टीका केली. गंमत अशी की अखंड कंपाला जगन्मान्यता मिळवून देणाऱ्यांत त्यांचेच शिष्य, विशेषतः यशा हायफेट्झ, अग्रभागी होते. म्हणजे ल्यू बीजिंगमध्ये व्हायोलिनचे धडे घेत होते, त्याच वर्षांत खुद्द पश्चिमेत हा वाद पेटलेला होता. चीनने पश्चिमेची ‘परंपरा’ घेतली असे म्हणताना ती परंपरा त्या वेळी जेमतेम एका पिढीची होती, हे कोणी सांगत नाही.

आणि उलट बाजूने पाहिले, तर चीनला तारेवरचा कंप नवा होता काय? गुछिन या विद्वानांच्या सप्ततंत्री वाद्याच्या पोथ्यांत ‘यिन’ आणि ‘नाओ’ असे कंपाचे दोन मुख्य भेद आहेत. यिन बारीक, नाओ रुंद. प्रत्येकाचे मंद, द्रुत, स्थिर, उडते असे पोटभेद. नाओ या अक्षराचा मूळ अर्थच एका जातीचे माकड. सचित्र पोथ्यांत यिनसाठी शरदात कण्हणाऱ्या रातकिड्यासारख्या किड्याची उपमा येते, आणि नाओसाठी झाडावर चढणाऱ्या वानराची. मराठी वाचकाला येथे शार्ङ्गदेव आठवल्याशिवाय राहणार नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त त्याने पंधरा गमक सांगितले आहेत, आणि त्यांतील तिरिप, स्फुरित, कंपित, लीन, आंदोलित यांच्यातला भेद मुख्यतः झोक्याच्या कालमानाचा आहे. दोन संस्कृतींनी बोटाच्या थरथरीचे इतके बारकाईने वर्गीकरण करावे, ही साधी बाब नाही.

मग अर्हूवाल्यांनी ही पोथी का उघडली नाही? उत्तर संगीतात नाही, समाजात आहे. गुछिन अभ्यासिकेत वाजे, अर्हू रस्त्यावर. अकराव्या शतकातल्या शेन क्वोने एक हकीकत नोंदवली आहे. राजवाड्यातल्या मेजवानीत श्वी यान नावाच्या वादकाच्या गजवाद्याची तार तुटली. त्याने वाद्य न बदलता उरलेल्या एकाच तारेवर रचना पूर्ण केली. कौतुक झाले ते प्रसंगावधानाचे. बोटांनी नेमके काय केले, याचे पाठ कोणी लिहून ठेवले नाहीत. रस्त्यावरचे बोट काय करीत होते ते गुरूने शिष्याला दाखवले, आणि बहुधा तेथेच राहिले. ल्यूंना जेव्हा लिहून शिकवता येईल अशी पद्धत हवी झाली, तेव्हा ती छापील रूपात व्हायोलिनपाशी तयार होती. उसनवारीचे खरे कारण आम्हाला हे वाटते. (व्हायोलिन आपल्याकडेही आले, पण गती उलटी झाली. गजाननबुवा जोशींच्या हातात वाद्य परके होते आणि बोट पूर्णपणे इथले. चीनमध्ये वाद्य घरचे राहिले आणि बोट शाळेत गेले.)

बोट शाळेत गेल्याचा परिणाम १९४९ नंतरच्या संगीत-महाविद्यालयांत स्पष्ट झाला. लोळता कंप हा पाया ठरला. विद्यार्थ्याने आधी एका मात्रेत ठरावीक झोके मोजून घ्यावेत, मग वेग वाढवावा, चारही बोटांचा झोका एकसारखा व्हावा, अशी शिस्त. दाबाचा आणि सरकता कंप ‘प्रादेशिक रंग’ म्हणून मागाहून. याच सुमारास रेशमी तारांच्या जागी पोलादी तारा आल्या. पोलाद ताणाला फार हळवे. रेशमी तारेवर जेवढा दाब बोटाला मुक्तपणे वापरता येई, तेवढ्याने पोलादी तारेचा स्वर भलतीकडे चढतो. सुरेलपणाची भीती वाढली आणि दाबणारे बोट आणखी संशयास्पद झाले. प्रमाणभाषा आणि बोली यांच्या नात्यात आपण जे अनुभवतो, तेच येथे घडले.

परंतु बोली मेली नाही. वायव्येकडील शान्शी प्रांताच्या छिनछ्यांग नाट्यसंगीतात ‘खू-यिन’, म्हणजे कडू स्वर, अशी एक स्वरपद्धती आहे. तिच्यात चौथा स्वर किंचित चढा आणि सातवा किंचित उतरलेला असतो, आणि दोन्ही स्थिर राहत नाहीत. दरबारीतला आंदोलित गंधार ज्याच्या कानात आहे त्याला अधिक सांगायला नको. हलणे थांबवले की तो स्वरच उरत नाही. १९५० च्या दशकाअखेरीपासून लू रिरोंग आदींनी या संगीतावर अर्हूच्या रचना बांधल्या आणि महाविद्यालयात शिकलेल्या मुलांना दाबाचा कंप पुन्हा शिकणे भाग पडले. गुळगुळीत लोळत्या कंपाने हा कडू स्वर वाजवला की तो नुसता बेसूर लागतो. म्हणजे दाबाचा कंप हा रंग नव्हे, त्या स्वराचे ते व्याकरणच आहे.

दुसरी वाट गळ्यातून आली. मिन ह्वेइफन (१९४५–२०१४) यांनी १९६३ च्या शांघाय वसंतोत्सवातली अर्हू-स्पर्धा वयाच्या अठराव्या वर्षाच्या आत-बाहेर जिंकली. १९७५ साली त्यांना बीजिंगला बोलावून पेकिंग ऑपेरातील येन जूफंग यांच्या गायकीची पदे अर्हूवर बसवण्याचे काम दिले गेले. ती मुद्रणे आजारी माओंना ऐकण्यासाठी होती. हेतू राजदरबारी, फळ मात्र संगीताचे. पदे गळ्याबरहुकूम वाजवायची तर कंप कोठे सुरू होतो, स्वर किती वेळ सरळ उभा राहतो, शेवटी कसा सुटतो, हे प्रत्येक अक्षरापाशी ठरवावे लागले. पुढे अर्हूने गळ्याच्या अंगाने वाजावे असा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. १९८२ च्या ‘लांब भिंतीवरील चिंतन’ या ल्यू वनजिन यांच्या रचनेचे त्यांचे वादन ऐकताना, एकाच दीर्घ स्वराच्या पोटात दोन-तीन जातींचे कंप एकामागून एक येतात असे आमच्या कानाला वाटते.

आता थोडे मागे, १९५० सालाकडे जायचे आहे. यांग यिनल्यू आणि त्साओ आनह हे दोन संशोधक त्या वर्षी पोलादी तारेवर मुद्रण करणारे यंत्र घेऊन आपल्या वूशी या गावी आले. अबिंग नावाने ओळखला जाणारा, ताओपंथी मंदिरात वाढलेला, दृष्टी गेलेला आणि रस्त्यावर वाजवून जगलेला एक वादक त्यांना मुद्रित करायचा होता. त्याने दोनेक वर्षे वाद्याला हात लावला नव्हता, त्याच्याजवळ वाद्यही नव्हते. उसने आणावे लागले. तीन रचना अर्हूवर झाल्या, तीन फीफा या वाद्यावर. ‘दुसऱ्या झऱ्यातील चंद्रबिंब’ हे नाव त्यांतल्या एका अर्हूरचनेला त्याच वेळच्या बोलण्यातून मिळाले. तीच आज बहुधा सर्वात प्रसिद्ध अर्हूरचना होय.

महाविद्यालयीन वादकांकडून ही रचना ऐकलेला विद्यार्थी मूळ मुद्रणाकडे येतो, तेव्हा चपापतो. जाड रेशमी तारा, नेहमीच्या जुळणीपेक्षा पंचमाने खाली. जेथे त्याला रुंद, भरघोस कंप शिकवलेला आहे तेथे अबिंगचे बोट पुष्कळदा जवळजवळ स्थिर. लाटा उठतात त्या गजाच्या दाबातून. मळलेच तर थोडे, आणि आत दाबून. ल्यू आणि अबिंग एकाच परिसरातले, वयात दोन वर्षांचे अंतर. एकाच्या हाताची पद्धत सत्तेचाळीस पाठांत लिहिली गेली; दुसऱ्याच्या हाताचा पुरावा तेवढ्या तारेच्या रिळावर राहिला. यांग यांनी १९५२ मध्ये त्याच्या रचना स्वरलिपीत छापल्या, पण कागदावरच्या अंकांतून बोटाचे वजन कसे दिसावे?

मुद्रण ऐकून अबिंग स्वतः समाधानी नव्हता. हाताला सराव नाही, काही काळ मेहनत करतो, मग पुन्हा या, असे त्याचे म्हणणे पडले. पुढच्या खेपेस आणखी मुद्रित करायचे ठरले. त्याच वर्षी डिसेंबरात तो वारला.