पाऱ्याचा बॅकफायर

टेस्टिंगला कधीच दिसत नाही आणि प्रोडक्शनला मात्र महिन्यातून एकदा हमखास पडतो, असा बग ज्याने पाहिलाय त्याला आजची गोष्ट लगेच कळेल. फक्त यात कोड नाही, पारा आहे.

सिलिकॉन यायच्या आधी कारखान्यांत आणि रेल्वेच्या सबस्टेशनांत एसीचं डीसी करायला पाऱ्याचे रेक्टिफायर असायचे. मूळ शोध पीटर कूपर ह्युइटचा, 1902 चा. हवा काढून घेतलेलं भांडं, तळाशी पाऱ्याचा कॅथोड, वर ॲनोड. मध्ये पाऱ्याच्या वाफेतून आर्क पेटतो आणि करंट एकाच दिशेने जातो. म्हणजे जायला हवा! पण कधीतरी आर्क ॲनोडवरच मूळ धरतो, करंट उलटा फिरतो आणि ट्रान्सफॉर्मरवर शॉर्टसर्किट. हाच बॅकफायर.

मग दुरुस्तीवाला काय बघणार? एक, व्हॅक्यूम उतरलाय का, कुठून हवा शिरतेय का. दोन, भांडं जास्त तापलंय का, कारण वाफ दाट झाली की बॅकफायर वाढतात. म्हणून फार थंड करावं, तर वाफ विरळ होऊन आर्कच तुटतो आणि व्होल्टेज उसळतं. तीन, ॲनोडवर पाऱ्याचे थेंब तर जमले नाहीत ना. तसे जमू नयेत म्हणून ॲनोड गरम ठेवायचा.

आणि हे सगळं चोख असलं तरी बॅकफायर व्हायचाच, फक्त कमी वेळा. व्होल्टेज वाढवलं की पुन्हा जास्त. त्यामुळे लांब पल्ल्याची हाय व्होल्टेज डीसी लाईन बरीच वर्षं कागदावरच राहिली.

स्वीडनच्या 'असेआ' कंपनीतला उनो लाम याच्या मागे लागला. 1929 साली तो जेमतेम पंचविशीचा होता. म्हणजे माझ्याहून लहान! ॲनोड आणि कॅथोडच्या मध्ये बरेच इलेक्ट्रोड घालून व्होल्टेज पायरीपायरीने वाटून द्यायचं, ही त्याची आयडिया. 1945 मध्ये ट्रोलहेटन-मेलेरुड अशी 50 किमीची चाचणी लाईन झाली. 1954 मध्ये गॉटलंड बेटाला समुद्राखालच्या केबलने वीज पोचली: 20 मेगावॅट, 100 किलोव्होल्ट. एका आयडियामागे पंचवीस वर्षं! आपल्याला दोन स्प्रिंट मिळाले तरी खूप.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढे आहे. गॉटलंडलाही बॅकफायर व्हायचेच. पण तसं झालं की कंट्रोल ग्रिड बाकीचे व्हॉल्व्ह रोखून धरायचे, करंट एका बायपास व्हॉल्व्हमधून वळायचा आणि थोड्याच वेळात गाडी पुन्हा रुळावर. फॉल्ट संपला नव्हता, त्याच्यासकट सिस्टीम चालत होती.

तो संपला थायरिस्टरमुळे. 1970 मध्ये गॉटलंडलाच थायरिस्टरचे व्हॉल्व्ह जोडले गेले. आपली चंद्रपूर-पडघे लाईन 1999 ची, ती पहिल्यापासूनच थायरिस्टरवर. तिथे पाराच नाही, मग बॅकफायर कुठला?

असो. पुढच्या वेळी कोणी 'रूट कॉज सापडल्याशिवाय तिकीट बंद करायचं नाही' म्हणालं, तर त्याला गॉटलंडची गोष्ट सांगा. आणि मॅनेजर काय म्हणाला ते मलाही कळवा!