लिंबू टोचलेली कट्यार

सन 1910, वैशाख. गोंदिया जिल्हा व्हायला अजून 89 वर्षं आहेत. तुम्ही आहात मध्यप्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात, तिरोडा तहसिलीतल्या एका पोवाराच्या अंगणात, पाटावर. अजून मिसरूड फुटलेलं नाही आणि नवरदेव झालात. अंगाला हळद लागते न लागते तोच भाटवा, म्हणजे बहिणीचा नवरा, तुमच्या मुठीत कट्यार कोंबतो. "आता हातची सोडजो नोको, बाबू."

कट्यार तुमच्या घरची नाही. गावात एखाद्याच घरी ती असते आणि लग्नसराईत या मांडवातून त्या मांडवात फिरते. मुठीवरचं कापड आधीच्या नवरदेवांच्या घामानं काळं पडलंय. टोकाला लिंबू टोचलंय. दृष्ट लागू नये म्हणून, असं आजी म्हणते. भाटवा म्हणतो, वरातीच्या गर्दीत कुणाच्या पोटात टोक जाऊ नये म्हणून. दोघांचंही पटण्यासारखं आहे.

नियम कुणी समजावून सांगत नाही. चुकलात की चहूकडून ओरडा होतो. कट्यार जमिनीवर टेकवायची नाही. दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, जिवलग मित्राच्यासुद्धा. जेवताना डाव्या हातात, निजताना उशाशी. थोरांच्या पाया पडताना टोक आपल्याकडे वळवायचं. बाशिंग घसरतंय, घाम डोळ्यांत उतरतोय, बैलांची दमणी खड्ड्यातून उसळतेय आणि सावरायला तुमच्यापाशी हात एकच. राजेपणाची पहिली शिक्षा ही.

होय, राजेच. वैनगंगेच्या खोऱ्यातले पोवार आपलं मूळ माळव्यातल्या धारच्या परमारांशी जोडतात. तलवारी केव्हाच मागे पडल्या. धानाच्या बांध्या आणि तलावांचं पाणी यांतच आता त्यांचं कर्तृत्व दिसतं. पण कट्यार म्हणजे फक्त राजपुती मिरास, असं मला वाटत नाही. शेजारच्या कुणब्याचा नवरदेवही ती धरतो आणि ज्याला मिळत नाही तो अडकित्त्यावर भागवतो. लोखंड हातात असल्याशी कारण.

स्कॉटलंडचा नवरदेव याच्या अगदी उलट वागतो. त्याचा छोटा सुरा मोज्यात खोचलेला, पातं झाकलेलं, फक्त मूठ दिसायची. ब्रिटिश सरकारनं 1746 साली तो हायलँडी पेहरावच बंद केला होता. बंदी उठली 1782 मध्ये. इकडेही 1878 च्या कायद्यानं परवान्याशिवाय शस्त्र घेऊन हिंडायला मनाई आहे. तुमच्या वरातीत मात्र कट्यारीला कुणी शस्त्र समजत नाही. ती पोशाखाचा भाग आहे, बाशिंगासारखाच.

जांभळीच्या डहाळ्यांच्या मांडवात अंतरपाट धरला जातो. पलीकडची पोर तुमच्याहून लहान. अक्षता पडतात, वाजंत्री एकदम कडाडते आणि तुमची मूठ आपोआप आवळते. कंकण सुटेपर्यंत कट्यारही सुटणार नाही. मग ती पुसून धन्याकडे परत जाईल. दोन दिवसांनी दुसऱ्या गावी लग्न आहे.

आजच्या गोंदियात कट्यार शेरवानीसोबत भाड्यानं मिळते, मखमली म्यानात, खोट्या खड्यांची. नियम मात्र जुनेच आहेत. तेव्हा पुढच्या लग्नात नवरदेवाकडून ती सेल्फीसाठी मागू नका.