खिडकी उघडी आहे का?

पोस्टातला मनीऑर्डरचा फॉर्म तुमच्यापैकी अनेकांनी भरला असेल. नाव, पत्ता, रक्कम लिहायची आणि फॉर्म खिडकीतून आत सरकवायचा. फॉर्मचं काम एवढंच, की आपलं म्हणणं ठरलेल्या रकान्यांतून पलीकडच्या माणसापर्यंत पोचावं. इंटरनेटवरचा फॉर्मही मूळचा असाच साधा होता.

१९९२ साली अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात लू मॉन्टुली, मायकेल ग्रोब आणि चार्ल्स रेझॅक यांनी 'लिंक्स' हा ब्राउझर तयार केला. त्यात चित्रं नाहीत, माऊसची गरज नाही, नुसती अक्षरं. बाणाच्या कळांनी पुढे जायचं आणि वाचायचं. आजही तो वापरात आहे.

पुढच्या वर्षी 'मोझॅक' या ब्राउझरमधून फॉर्म भरता येऊ लागले, आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये 'एचटीएमएल २.०' या मानकात फॉर्मला रीतसर जागा मिळाली. फॉर्म दोन गोष्टी सांगतो : माहिती कुठे पाठवायची आणि कोणत्या पद्धतीनं. बटण दाबलं, की ब्राउझर रकान्याचं नाव आणि त्यातला मजकूर अशा जोड्या लावून सर्व्हरकडे रवाना करतो. हे काम लिंक्सलाही सहज जमतं. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला यात एक मौज वाटते. आपला एक 'क' 'यूटीएफ-८' या पद्धतीत तीन बाइट घेतो आणि पत्त्याच्या ओळीतून जाताना नऊ चिन्हांचा वेष पांघरतो. पलीकडे पोचला, की पुन्हा 'क'चा 'क'.

मग आली स्क्रिप्ट. मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका भाषेचा पहिला आराखडा उभा केला. डिसेंबरमध्ये ती 'जावास्क्रिप्ट' या नावानं जाहीर झाली. तिच्याकडे सुरुवातीला आलेल्या कामांपैकी एक म्हणजे फॉर्म तपासणं. रकाना रिकामा राहिला असेल, तर सर्व्हरपर्यंत हेलपाटा न घालता जागच्या जागीच सांगायचं. कारकुनाच्या मदतीला बसवलेला हा चुणचुणीत शिपाईच म्हणा. लिंक्सचे मॉन्टुलीही तोवर नेटस्केपमध्ये आले होते. ओळख लक्षात ठेवणारी 'कुकी' त्यांनीच १९९४ मध्ये तिथे घडवली. लिंक्सनं पुढे कुकी स्वीकारली, पण स्क्रिप्ट तो चालवत नाही.

२००४ मध्ये जीमेल आलं, २००५ मध्ये 'एजॅक्स' हा शब्द रूढ झाला, आणि अख्खं पान न बदलता माहितीची ये-जा होऊ लागली. सोय मोठी होती. पण अनेक ठिकाणी शिपाईच खिडकी अडवून उभा राहिला. तो नसेल, तर फॉर्म जाईचना.

याचा प्रत्यय मला एका दृष्टिहीन शिक्षकांच्या घरी आला. ते लिंक्समधली अक्षरं यंत्राकडून वाचून घेतात. एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्यांनी अर्ज भरला, बटण दाबलं. ना पोच, ना चूक दाखवणारी ओळ. मुदत त्याच दिवशी संपत होती. आधी कुकी नाकारली गेली का ते पाहिलं, नव्हती. मग उलट्या तिरप्या रेघेची कळ दाबून पानाचा मूळ मजकूर उघडला. फॉर्म होता, रकाने होते. पण कुठे पाठवायचं तो पत्ता नव्हता. बटणही खरं 'पाठवा' बटण नव्हतं, ते फक्त स्क्रिप्टला हाक मारत होतं. म्हणजे दोष ब्राउझरचा नव्हता, पानाचा होता. अखेर शेजारच्या संगणकावरून अर्ज गेला, पण तो दुसऱ्याच्या हातानं.

ज्यांना आपला अर्ज आपण भरायचा आहे, त्यांच्यासाठी ही बाब किरकोळ नाही. मोठ्या ब्राउझरबरोबर चालणारे पडदावाचक आहेत, हे खरं. पण जुना संगणक किंवा अर्ध्यावर तुटणारं नेटवर्क असेल, तर स्क्रिप्ट डोळसांपर्यंतही पोचत नाही.

उपायही जुनाच आहे. १९९७ च्या 'एचटीएमएल ४.०' मध्ये स्क्रिप्ट न चालवणाऱ्यांसाठी वेगळा मजकूर देण्याची सोय होती. २००३ मध्ये स्टीव्हन चॅम्पियन यांनी तर या विचाराची दिशाच पक्की केली : आधी सर्वांना चालेल असं साधं पान करा, मग त्यावर सोयींचा साज चढवा. फॉर्मला पत्ता द्या, खरं बटण द्या. स्क्रिप्ट आली तर उत्तम, नाही आली तरी अर्ज पोचला पाहिजे.

म्हणून संकेतस्थळं बांधणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. उद्घाटनाची फीत कापण्याआधी एकदा लिंक्समधून आपलाच अर्ज भरून पाहा. तो पोचला, तर खिडकी सर्वांसाठी उघडी आहे.