मौलाना मजहरुल हक : बॅरिस्टरी, कौन्सिल आणि सदाकत आश्रम

मौलाना मजहरुल हक (१८६६–१९३०) हे बिहारचे नामांकित बॅरिस्टर आणि इम्पीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलचे सदस्य. आपल्या मुलांना हे नाव सहसा माहीत नसतं, म्हणून ही ओळख.

जन्म पाटणा जिल्ह्यातला. लंडनला जाऊन १८९१ मध्ये ते बॅरिस्टर होऊन आले. तिथेच गांधीजींशी ओळख झाली. परतल्यावर काही काळ मुन्सफ होते. पण सरकारी नोकरी सोडून त्यांनी छपरा आणि पुढे पाटण्यात वकिली केली. १९१३ मध्ये कानपूरच्या मच्छली बाजार मशीद प्रकरणात आरोपींच्या बचावासाठी ते उभे राहिले.

कौन्सिलमधलं त्यांचं एक काम आम्हा शिक्षकांना विशेष मोलाचं वाटतं. १९११ मध्ये आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. हकसाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते पडलं. सगळ्या मुलांना तालीम मिळावी ही मागणी मात्र मागे पडली नाही.

१९१५ च्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांची अधिवेशनं एकाच वेळी भरली. लीगचे अध्यक्ष होते मजहरुल हक. दोघांना जवळ आणण्याची ही खटपट पुढच्याच वर्षी लखनौ करारापर्यंत पोहोचली. १९१७ मध्ये चंपारणला निघालेले गांधीजी पाटण्यात अडले, तेव्हा निरोप मिळताच हकसाहेब मोटार घेऊन हजर झाले आणि त्यांना मुझफ्फरपूरच्या गाडीत बसवून दिलं.

असहकार आंदोलनात त्यांनी चालती वकिली सोडली. इंजिनिअरिंग शाळा सोडून आलेल्या मुलांना राहायला जागा नव्हती. त्यांना घेऊन ते पाटण्याजवळ दिघ्याच्या वाटेवरच्या एका बागेत जाऊन राहिले. तोच सदाकत आश्रम. तिथे चरखे बनू लागले, ‘मदरलँड’ हे इंग्रजी पत्र निघालं. त्यातल्या लेखनावरून त्यांना तुरुंगातही जावं लागलं. शेवटची वर्षं सारण जिल्ह्यातल्या फरीदपूरला, ‘आशियाना’ या घरी गेली.

आज पाटण्यातल्या अरबी-फारसी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. दहावी-बारावीनंतर वकिलीचं नाव काढलं की आपल्याकडे पहिला प्रश्न कमाईचा येतो. कमाई हवीच, ती हकसाहेबांनीही केली. पण कायदा शिकलेला एक माणूस कौमच्या आणि देशाच्या किती कामी येतो, हेही घरात मुलांना सांगू या.